कुंभार्ली घाटात ठोकणारं इंजिन आणि तिसरा सिलिंडर

## पार्श्वभूमी

गाडी २०१३ सालची. पेट्रोल, १.२ लिटर, चार सिलिंडर, पोर्ट इंजेक्शन, कॉम्प्रेशन रेशो (पिस्टन मिश्रण किती पटीने दाबतो ते) ११:१. मीटरवर ९६,००० किलोमीटर. मालक चिपळूणचे. रोजची धाव घर ते ऑफिस, तीन किलोमीटर जायला आणि तीन यायला, म्हणजे इंजिन नीट तापायच्या आत बंद. महिन्यातून दोनदा कुंभार्ली घाट चढून कऱ्हाड. ऑइल, एअर फिल्टर वेळच्या वेळी बदललेलं. गाडी हयगयीने वापरलेली नव्हती.

पण दोन सवयी होत्या. कूलंटच्या बाटलीत पातळी खाली दिसली की नळाचं पाणी ओतायचं, आणि ॲव्हरेज पडू नये म्हणून होईल तितकं मोठ्या गिअरमध्ये चालवायचं. पुढच्या सगळ्या कहाणीत या दोन सवयी कुठे ना कुठे येतात.

## तक्रार

२०२५ चा मे महिना. गाडीत पाच माणसं, एसी चालू. पोफळी मागे पडून खरा चढ लागला की तिसऱ्या गिअरमध्ये, १,७०० ते २,००० आरपीएमला पाय पूर्ण दाबल्यावर बोनेटखालून किणकिण यायची, पत्र्याच्या डब्यात चिल्लर हलवावी तशी. पाय उचलला की आवाज गायब. ॲव्हरेज १६ वरून १३ वर आलेलं. चेक इंजिनचा दिवा एकदाही लागलेला नाही.

गाडी या गॅरेजात येण्याआधी बरंच काही होऊन गेलं होतं. मालकांनी दुसऱ्या पंपावरचं पेट्रोल भरून पाहिलं. ऑक्टेन बूस्टरच्या, म्हणजे अशी किणकिण दाबायला पेट्रोलमध्ये मिसळायच्या औषधाच्या, दोन बाटल्या टाकीत गेल्या. फेब्रुवारीत एका ठिकाणी चारही प्लग बदलले. मग आणखी एका गॅरेजने गाडी जागेवर चालू करून आवाज ऐकला, ‘रॉडचं बेअरिंग गेलंय, हाफ इंजिन करावं लागेल’ (म्हणजे इंजिन उघडून पिस्टन, रिंगा, बेअरिंग बदलणं) असं सांगितलं आणि ४८,००० रुपयांचा अंदाज दिला. मालक दुसऱ्या मतासाठी आले ते स्वतःचा निष्कर्ष घेऊनच: हे सगळं ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमुळे झालं.

## पहिला निर्णय: आवाज नेमका कशाचा?

इंजिन उघडायचं की नाही हे या एका प्रश्नावर ठरणार होतं. बेअरिंगचा आवाज जड, खालून येणारा असतो. रेस वाढवली की वाढतो, पाय उचलल्यावरही ऐकू येतो. नॉकिंगचा आवाज पातळ आणि धातूचा, फक्त लोडवर येणारा. पिस्टन सैल असेल तर थंड इंजिनाला आवाज येतो आणि तापल्यावर कमी होतो.

गाडी न्यूट्रलमध्ये २,५०० आरपीएमला धरली, काही नाही. एकेका इंजेक्टरचं कनेक्टर काढून पाहिलं. बेअरिंग सैल असेल तर त्या सिलिंडरचा जाळ बंद केल्यावर ठोका मऊ पडतो. इथे फरक नाही. ऑइल प्रेशरच्या स्विचच्या जागी गेज लावलं: गरम इंजिनाला आयडलवर १.४ बार, ३,००० ला ३.६ बार. बेअरिंग या घडीला निर्दोष.

मग आयडलवर त्या गॅरेजने ऐकलं ते काय? एक्झॉस्टवरच्या उष्णतारोधक पत्र्याचा एक बोल्ट निखळला होता. बोल्ट आणि रुंद वॉशर लावल्यावर तो आवाज संपला. घाटातली किणकिण वेगळीच होती.

ती किणकिण म्हणजे नॉकिंग. ते काय असतं, ते थोडक्यात. ठिणगी पडल्यावर ज्वाला प्लगपासून कडेकडे सरकत जाते. तिच्यापुढे उरलेलं मिश्रण दाबलं जातं, तापतं. ज्वाला पोचायच्या आत ते आपणहून एकदम पेटलं तर दाबाच्या लाटा सिलिंडरच्या भिंतींवर आपटतात. या आकाराच्या सिलिंडरमध्ये ही कंपनं सेकंदाला साधारण ७,००० असतात, म्हणून आवाज किणकिणता येतो. नुसत्या आवाजाने काही मोडत नाही. पण या लाटा पिस्टनच्या पृष्ठभागाला चिकटलेला वायूचा पातळ, तुलनेने थंड थर खरवडून टाकतात. तो थर गेला की पिस्टनचा माथा आणि रिंगांजवळची कड उघडी पडते, आणि धातू तापून मऊ होतो त्याच वेळी त्याच्यावर हातोड्या पडत राहतात. कमी आरपीएमला हे जास्त होतं, कारण उरलेल्या मिश्रणाला तापून पेटायला वेळ जास्त मिळतो. मोठ्या गिअरमध्ये चढ चढवण्याचा तोटा हाच.

## दुसरा निर्णय: ई२० ला धरायचं का?

मालकांचा रोख समजण्यासारखा होता, पण या बाबतीत आरोपी उलटा निघतो. इथेनॉलचा ऑक्टेन (आपणहून पेटण्याला विरोध करण्याची क्षमता) शंभराच्या वर असतो आणि बाष्प होताना ते पेट्रोलपेक्षा बरीच जास्त उष्णता शोषतं, म्हणजे आत जाणारं मिश्रण थंड होतं. पूर्वीच्या साध्या पेट्रोलला किमान ९१ आरओएन (ऑक्टेनचं माप) लागायचा. ई२० च्या मानकात तो ९५ आहे. निव्वळ ई२० मुळे नॉकिंग वाढत नाही, घटायला हवं.

एक आडवाट मात्र आहे. एक भाग शुद्ध पेट्रोल जळायला वजनाने १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला ९ आणि ई२० ला साधारण १३.५. ई१० धरून ट्यून केलेल्या गाडीला ई२० वर चार-पाच टक्के जास्त इंधन ओतावं लागतं. इंजेक्टर स्वच्छ असतील तर ईसीएम, म्हणजे इंजिन चालवणारा संगणक, हे सहज सांभाळतं. इंजेक्टरच अर्धवट तुंबलेले असतील तर त्या तुटीत आणखी चार-पाच टक्क्यांची भर पडते. म्हणून ठरलं की इंधनाला दोष न देता इंजेक्टर तपासायचे. रबरी नळ्या आणि सील इथेनॉलने कडक होतात का, हा वेगळा प्रश्न. त्या पाहिल्या, ठीक होत्या.

## मोजमाप

मागच्या सीटवर आणि डिकीत मिळून सिमेंटची चार पोती, म्हणजे २०० किलो. एसी चालू, स्कॅनर जोडलेला, त्याच घाटात दुपारी दोन वाजता. तक्रार ज्या लोडवर आहे त्याच लोडवर चाचणी घ्यायला हवी. रिकामी गाडी गावात फिरवून ‘आवाज येत नाही’ म्हणण्याला अर्थ नाही.

स्कॅनरवर दिसलं ते असं. पायथ्याला कूलंट ९७ अंश, अर्ध्या घाटात १०९. डॅशबोर्डचा काटा एवढा वेळ मध्यावरून जेमतेम सरकला; बऱ्याच गाड्यांत तो मुद्दामच असा बसवलेला असतो की मधल्या मोठ्या पट्ट्यात हलत नाही. आत जाणाऱ्या हवेचं तापमान ५१ अंश. इग्निशन ॲडव्हान्स (पिस्टन वर पोचायच्या किती अंश आधी ठिणगी पडते ते) १,९०० आरपीएमला पूर्ण थ्रॉटलवर ४ अंश. याच इंजिनाच्या एका धडधाकट गाडीवर त्याच चढाला १४ अंश मिळतात. म्हणजे नॉक सेन्सर ऐकत होता आणि ईसीएमने दहा अंश मागे घेतलं होतं. तरीही किणकिण उरली होती, कारण मागे घेण्याची मर्यादा संपली होती. लाँग टर्म फ्यूल ट्रिम, म्हणजे ईसीएम ठरल्यापेक्षा किती जादा इंधन सोडतंय ते, अधिक ११ टक्के. दुबळ्या (इंधन कमी असलेल्या) मिश्रणाचा कोड उमटायला ट्रिम याच्या बरीच पुढे जावी लागते, म्हणून दिवा नाही.

ॲव्हरेज का पडलं ते इथेच कळतं. ठिणगी उशिरा पडली की जाळ उशिरा होतो, दाब पिस्टनला ढकलण्याऐवजी उष्णता बनून एक्झॉस्टमधून जातो. पिकअप जातो, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापतो, आणि चालकाला वाटतं गाडी म्हातारी झाली.

दुसऱ्या गिअरमध्ये ३,००० आरपीएमला तोच चढ चढवला, किणकिण नाही.

गॅरेजात परत आल्यावर प्लग काढले. चिनीमातीवर विटकरी रंगाचा थर होता. तो बूस्टरचा प्रताप. मँगनीज किंवा लोहाची संयुगं असलेले बूस्टर असाच थर सोडतात आणि तो जास्त झाला तर ठिणगी गळते. थर खरवडून भिंगाखाली पाहिलं तेव्हा तिसऱ्या प्लगच्या चिनीमातीवर मिरीच्या पुडीसारखे काळे ठिपके आणि त्यांच्यात दोन-तीन चकचकीत कण दिसले. चकचकीत कण म्हणजे पिस्टनचं ॲल्युमिनियम.

शिवाय प्लगच चुकीचे होते. एनजीकेचा ६ नंबरचा हवा होता, फेब्रुवारीत ५ नंबरचा बसला होता. एनजीके आणि डेन्सोमध्ये आकडा जितका मोठा तितका प्लग थंड. बॉशमध्ये बरोबर उलटं. एका कंपनीच्या जागी दुसरीचा बसवताना इथेच घोळ होतो. गरम प्लगचं टोक लाल होऊन ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटवू शकतं, आणि मग टायमिंग कितीही मागे घेतलं तरी उपयोग नाही, कारण पेटवणारी ठिणगी नसतेच.

इंजेक्टर बाहेर काढून बेंचवर ठेवले. एकाच वेळेत पडलेलं इंधन: ६२, ६१, ५१ आणि ६० मिलीलिटर. पुन्हा तिसरा.

हा आकडा नीट समजून घेण्यासारखा आहे. ऑक्सिजन सेन्सर चारही सिलिंडरचा एकत्र धूर हुंगतो, त्यामुळे ईसीएम फक्त सरासरी सुधारतं. सरासरी ५८.५; तिसरा त्याच्याहून सुमारे १३ टक्के खाली, बाकीचे तीन थोडे वर. पूर्ण थ्रॉटलला ईसीएम मिश्रण मुद्दाम श्रीमंत ठेवतं, लॅम्डा (हवा गरजेच्या किती पट आहे ते) ०.८८ च्या आसपास, कारण जादा पेट्रोल आतलं तापमान खाली धरतं. १३ टक्के तुटीने तिसऱ्या सिलिंडरचा लॅम्डा जवळपास १ वर गेला. नॉकिंगसाठी आणि पिस्टनच्या तापमानासाठी याहून वाईट जागा नाही. बाकी तिघे आरामात होते, स्कॅनरवर सरासरी बरी दिसत होती, आणि एकटा तिसरा भाजत होता.

रेडिएटरवर इन्फ्रारेड गन फिरवली: वरचे दोन तृतीयांश गरम, खालचा भाग हाताला कोमट. नळाच्या पाण्यातले क्षार आणि गंज नळ्यांत बसले होते. बाहेरून रेडिएटरच्या पातळ पात्यांमध्ये जांभ्याची लाल धूळ. झाकण १.१ बार धरायला हवं, ते ०.७ ला सुटत होतं. दाब कमी राहिला की पाणी लवकर उकळतं. एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या आसपास वाफेचे बुडबुडे धरतात आणि तेवढीच जागा सेन्सरला न कळता जास्त तापते.

बोअरस्कोपमध्ये (प्लगच्या भोकातून आत सोडायचा कॅमेरा) पिस्टनच्या माथ्यावर कार्बन इतका की कंपनीची बाणाची खूण दिसेना. एका सिलिंडरची जागा ३०० सीसी, वरची पोकळी ३० सीसी. तिथे दोन सीसी कार्बन बसला, म्हणजे चहाच्या चमच्याचा अर्धाही नाही, तर ११ चा रेशो ११.७ होतो. तिसऱ्या पिस्टनच्या एक्झॉस्टकडच्या कडेला वाळूने घासल्यासारखा खरखरीत पट्टा होता.

कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब: १३.४, १३.२, १२.५, १३.३ बार. सिलिंडरमधला फरक १ बारच्या आत चालतो, इथे ०.९. चालतो, असं लिहून गॅरेजवाले पुढे गेले.

## पर्याय

चार मार्ग समोर होते. हाफ इंजिन, ज्याला त्या दिवशी आधार नव्हता. महागडं प्रीमियम पेट्रोल कायमचं वापरणं. त्याने आवाज कदाचित थांबला असता, पण तुंबलेला इंजेक्टर आणि बंद रेडिएटर तसेच राहिले असते. हेड उतरवून कार्बन हाताने खरवडणं आणि पिस्टन जवळून पाहणं. किंवा हेड न उतरवता सगळी कारणं दुरुस्त करून पुढचे ३,००० किलोमीटर ऑइलवर नजर ठेवणं.

मालकांनी विचारलं, ‘एकेक करून बघूया का, म्हणजे नक्की कशामुळे ते कळेल?’ शिकायला ते चांगलं. पण घाटातल्या प्रत्येक चाचणीत तिसरा पिस्टन आणखी मार खाणार होता. सगळं एकत्र करायचं ठरलं आणि चौथा मार्ग घेतला.

## केलेलं काम

इंजेक्टर अल्ट्रासॉनिकमध्ये धुतले, सील आणि जाळ्या नव्या. पुन्हा बेंचवर ६३, ६२, ६१, ६२.

कार्बनसाठी प्लगच्या भोकांतून द्रावण. क्रँकच्या बोल्टला पाना लावून, भोकांत स्ट्रॉ सोडून, चारही पिस्टन सारख्या उंचीवर आणले. प्रत्येकात ४० मिलीलिटर, चार तास, मग सिरिंजने ओढून काढलं आणि परत एकदा. इथे घाई करणाऱ्याचं इंजिन जातं: द्रव आत राहिला आणि प्लग लावून स्टार्टर मारला तर पिस्टन द्रवावर आपटतो आणि रॉड वाकतो. म्हणून इंजेक्टर आणि कॉइलची कनेक्टरं काढून, भोकांवर जाड फडकं टाकून आधी मोकळं क्रँक केलं. द्रावण रिंगांतून खाली झिरपतं, तेव्हा ऑइल आणि फिल्टर लगेच बदलले.

रेडिएटर नवा. ॲल्युमिनियमच्या गाभ्याला प्लास्टिकच्या टाक्या असलेला होता, तो उघडून सळई मारण्यासारखा नसतो. झाकण, थर्मोस्टॅट नवे. कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी निम्मं-निम्मं, हवा पूर्ण काढून.

प्लग ६ नंबरचे, २५ न्यूटन-मीटरने. सैल प्लग हेडला नीट टेकत नाही, उष्णता सोडत नाही आणि योग्य नंबरचा असूनही गरम प्लगसारखा वागतो. नॉक सेन्सर बदलला नाही. आयडलवर त्याच्या जवळ ब्लॉकला बारीक सळईने टकटक केलं की टायमिंग मागे येत होतं. बोल्ट मात्र सोडून पुन्हा २० न्यूटन-मीटरला कसला. त्याच्याखाली वॉशर कधीच घालायचा नाही, कंपनं बदलतात.

एकूण बिल १४,२०० रुपये. आणि चढाला इंजिन २,५०० च्या खाली आलं तर गिअर उतरवायचा, असं मालकांना चाकावर बसवून दाखवलं.

## निष्पत्ती

तोच घाट, तीच चार पोती, दुपारचीच वेळ. कूलंट ९८ च्या वर गेलं नाही. ॲडव्हान्स १२ अंश. ट्रिम अधिक ५, म्हणजे उरलेला भाग इथेनॉलचा, आणि तो राहणारच. तिसऱ्या गिअरमध्ये मुद्दाम दाबून पाहिलं तरी किणकिण नाही. तीन टाक्यांत ॲव्हरेज साडेपंधरावर आलं. मालक खूश, गॅरेजही.

ऑइल मात्र बोलायला लागलं. पहिल्या हजार किलोमीटरला १०० मिलीलिटर घटलं, पुढच्या हजाराला २५०. तीन हजाराला डिपस्टिक खालच्या खुणेजवळ. नोव्हेंबरमध्ये मालकांनी सांगितलं की घाट उतरून पोफळीला पाय दिला की मागे निळा धूर सुटतो. उतरताना थ्रॉटल बंद असतो, सिलिंडरमध्ये ओढ तयार होते आणि रिंगा धड नसतील तर ऑइल वर येतं.

आता लीक-डाउन चाचणी केली, म्हणजे सिलिंडरमध्ये दाबाची हवा सोडून किती गळते ते मोजलं. तीन सिलिंडरमध्ये गळती ८ ते १० टक्के. तिसऱ्यात ३४, आणि ऑइल भरायच्या तोंडाला कान लावला तर सूं-सूं स्पष्ट. इंजिन उघडलं. पहिल्या आणि दुसऱ्या रिंगच्या मधली पिस्टनची भिंत दोन सेंटिमीटर तडकलेली, एक बारीक तुकडा निघून गेलेला. लायनरवरच्या (सिलिंडरच्या आतल्या भिंतीवरच्या) तिरप्या रेघा शाबूत, हे नशीब. एक पिस्टन, चारही रिंगसेट, गॅसकेट आणि मजुरी मिळून ३१,०००.

## वेगळं काय करता आलं असतं

दोन्ही बिलांची बेरीज ४५,२००. सुरुवातीला नाकारलेला अंदाज ४८,००० चा होता. मालकांनी हे बोलून दाखवलं आणि ते बोलणं रास्त होतं. गॅरेजचं उत्तरही खरं होतं: मे महिन्यात हाफ इंजिन केलं असतं आणि तो इंजेक्टर, ते प्लग, तो रेडिएटर तसाच ठेवला असता, तर नवा पिस्टन त्याच घाटात तसाच तडकला असता. पण या उत्तराने चूक झाकली जात नाही.

चूक १२.५ या आकड्यापाशी झाली. नुसता पाहिला तर तो मर्यादेत होता. पण कमी इंजेक्टर तिसरा, ॲल्युमिनियमचे कण तिसऱ्यावर, खरखरीत कड तिसऱ्याची आणि कमी कॉम्प्रेशनही तिसऱ्याचंच. चार खुणा एकाच सिलिंडरकडे बोट दाखवत असताना मर्यादेचा आधार घ्यायला नको होता. लीक-डाउनला चाळीस मिनिटं लागतात आणि प्लग तर निघालेलेच होते. तडा त्या दिवशी दिसला असता किंवा अजून केसाएवढाच असता. पण मालकांना निर्णय घेण्याआधी ते ऐकायचा हक्क होता, आणि हेड एकदाच उतरलं असतं. द्रावण, ते लगेच बदललेलं ऑइल, दुसऱ्यांदा भरलेलं कूलंट, एवढं तरी वाचलं असतं.

सगळं एकत्र दुरुस्त करण्याचा निर्णय मात्र आजही बरोबर वाटतो. कोणत्या कारणाचा वाटा किती हे कळलं नाही, आणि मालकांच्या दृष्टीने ते कळण्याची गरजही नव्हती.

मालकांच्या बाजूने पाहिलं तर आदल्या वर्षीच्या दिवाळीच्या सुमारास किणकिण पहिल्यांदा ऐकू आली तेव्हा गिअर उतरवला असता आणि बूस्टरच्या जागी इंजेक्टर तपासले असते, तर पिस्टन बहुधा वाचला असता. सहा महिने नॉक सेन्सर टायमिंग मागे घेत राहिला, म्हणून गाडी चालत राहिली आणि कुणाला घाई वाटली नाही.

फेब्रुवारीतल्या बिलावर प्लगपुढे ‘४ नग, बदलले’ एवढंच होतं. नंबर कुठेच नव्हता. तो कळला तो प्लग बाहेर काढल्यावर. या गॅरेजच्या जॉबकार्डावर आता त्या ओळीत कंपनी, पूर्ण नंबर आणि टॉर्क असे तीन रकाने आहेत, आणि कॉम्प्रेशनच्या खाली लीक-डाउनची वेगळी ओळ.